हजार वर्षं जुनं हवामान

संध्याकाळी सहाला काळा फोन वाजतो.
इथे मोबाइलला बंदी. एक मोबाइल कुजबुजला
तरी माळावरच्या चौसष्ट ताटल्यांना तो वणव्यासारखा ऐकू येतो.
म्हणून पा कार्नार्व्हनहून तारेवरून विचारतात,
"काय त्रेन्की, तिकडचं हवामान काय?"
तिकडचं म्हणजे वरचं.

बावन्न वर्षं लोकर कातरलेला माणूस.
पवनचक्कीचं शेपूट कुणीकडे वळलंय,
मेंढ्या झुडपाच्या कुठल्या अंगाला टेकल्यात,
एवढ्यावर दंवाची तारीख सांगतो.
पावसाने मात्र सात वर्षं त्याला खोटं पाडलंय.

सूर्य त्यांना कळतो.
मागच्या मंगळवारी सूर्य भडकला,
रेडिओवरच्या दुपारच्या बातम्या करपल्या,
पा म्हणाले, "म्हातारा तापलाय. उतरेल."
मी म्हटलं, हो, अंगावर डाग आलेत,
अकरा-एक वर्षांनी येतात तसे.
वारा सुटलाय त्याचा, दोन दिवसांत पोचेल,
ध्रुवाकडच्यांना हिरवा उजेड मिळेल, कारूला काही नाही.
"कूस बदलायला जवळजवळ महिना घेतो," पा म्हणाले,
"सावकाश माणूस. आपलं जमतं त्याच्याशी."

माझा तारा सेकंदाला अकरा वेळा वळतो.
आकार? गावच्या चर्चपासून
डीडरिकच्या दुसऱ्या फाटकापर्यंत.
त्यात एक अख्खा सूर्य आणि वर थोडा, दाबून बसवलेला.
वातावरण आहे, नखाएवढं जाड.
डोंगर आहेत, गव्हाच्या दाण्याहून ठेंगणे,
आणि तो दाणा चढायला आपला जन्म पुरायचा नाही.

"मग ढग मावतात कुठे?"

ढग नाहीत, पा. तिथलं हवामान चुंबकाचं.
वीज खाली पडत नाही, ध्रुवांवरून वर उसळते.
काही तारे बोलता बोलता गप्प होतात,
मिनिटभर, कधी महिनाभर,
आणि काही घडलंच नाही अशा आवाजात पुन्हा सुरू.
का, ते आम्हालाही नीट माहीत नाही.
काही शेजाऱ्याचा वायू ओढून अंगावर साठवतात,
तो पेटला की वणवा साऱ्या ताऱ्याला
सेकंदभरात वळसा घालतो.
सूर्यावरची ठिणगी तेवढ्यात डोळाही उघडत नाही.

पा बराच वेळ चहा ढवळत राहिले. मला चमचा ऐकू येत होता.

काल रात्री तीन वाजून बारा मिनिटांनी
माझा तारा दचकला.
वेग वाढला, दशलक्षातला एखादा भाग,
पण पडद्यावरची रेघ सरकली आणि मी खुर्चीतून उठले.
असं आहे की वरचं कवच वर्षानुवर्षं मंदावत जातं.
आतलं द्रव जुन्याच वेगात फिरत राहतं,
त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.
मग कधीतरी आतली पकड सुटते
आणि कवचाला तो सगळा वेग अंगावर घ्यावा लागतो.

आज सहाला फोन वाजला नाही.
सव्वासहालाही नाही.
मी ताटल्यांकडे पाहत बसले,
सगळ्या एकाच दिशेला मान करून होत्या.

सात वाजता वाजला.
डीडरिकचा कातरणारा आला नाही म्हणे,
म्हणून पा गेले. दोन वर्षं कात्री धरली नव्हती,
कपातला चहा बशीत सांडतो त्यांच्या हातून.
"चार झाल्या," ते म्हणाले. "एकीलाही ओरखडा नाही.
हात आपले आपण चालले. आता उचलत नाहीयेत."

मी रागावणार होते.

"तुझं सांग. तिकडे काय?"
बातमी आहे, पा. पण हजार वर्षं जुनी.
"असू दे. आमच्या पावसाचीही तेवढीच जुनी आहे."

तारेतून पवनचक्की कुरकुरत होती, वंगण मागत.
वारा पूर्वेकडून आहे, ते म्हणाले,
आणि फोन न ठेवता नुसते धरून राहिले.